एका पत्त्यासाठी एकोणीस पानं

मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, पत्त्यांचा डाव रंगला की पत्ते कमी आणि घामच जास्त दिसतो. टेबलावर एक पत्ता उपडा पडलाय. समोरच्याच्या कपाळावरून एक थेंब निघतो, भुवईपाशी थबकतो, पुढच्या चौकटीत गालावर येतो आणि त्याच्या पुढच्या चौकटीत हनुवटीला लोंबकळतो. तेवढ्यात त्याचं शे-दीडशे शब्दांचं स्वगत उरकतं. मागे उभा असलेला मित्र "अरे, म्हणजे हा तर…!" एवढं बोलून वाक्य अर्ध्यावर सोडतो. शेवटच्या चौकटीत बोट पत्त्याच्या कडेखाली जातं. पत्ता मात्र उलटत नाही. तो पुढच्या आठवड्यात.

साप्ताहिक मांगाचं एक प्रकरण साधारण १९-२० पानांचं असतं, त्यामुळे हा हिशेब चित्रकाराच्या सोयीचाच आहे. पण सगळ्या डावांना एकाच मापाने हसून चालत नाही. काही डाव इतके पक्के बांधलेले असतात की कागद-पेन्सिल घेऊन बसलं तरी फट सापडत नाही. आणि काही इतके सैल, की अडचणीत आलेला नायक थेट चंद्रावर हल्ला करतो. (हा अलंकार नाही. खरंच करतो. त्याच्याकडे येऊच.)

आधी पानाची रचना बघू, कारण अर्धा तणाव तिथेच तयार होतो. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. समोर दोन पानं उघडी असतात: आधी उजवं वाचायचं, मग डावं, आणि डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पोचलो की पान उलटायचं. म्हणजे वाचकाचं बोट पुस्तकाला लागण्याच्या आधीची शेवटची चौकट कोणती, हे चित्रकाराला पक्कं ठाऊक असतं. पत्त्याची पाठ, पत्त्याखाली गेलेलं नख, बघणाऱ्याचे विस्फारलेले डोळे, यांतलं काहीतरी त्या कोपऱ्यात येतं. पान उलटलं की उजव्या पानावर, शक्यतो पूर्ण पानभर, पत्ता. पात्राने पत्ता उलटायचा आणि वाचकाने कागद उलटायचा, दोन्ही एकाच क्षणी. हे जमलं की तणाव फुकटात मिळतो.

मोबाइलवर किंवा टॅबवर वाचताना नेमकं हेच बिघडतं. दोन-पानी दृश्यात मुखपृष्ठ एकटं धरलं नाही, तर सगळ्या जोड्या एका पानाने सरकतात. मग "आता काय निघणार!" ही चौकट उजव्या पानाच्या शेवटी येते आणि शेजारच्याच डाव्या पानावर राजा आरामात पसरलेला दिसतो. घामाची किंमत शून्य. बहुतेक वाचन-अॅपमध्ये पहिलं पान वेगळं धरायची सोय असते, ती चालू करायची. एका वेळी एकच पान बघितलं तर उलटा घोटाळा होतो. प्रत्येक पान उलटावं लागल्यामुळे साधा चहा पितानाही काहीतरी भयंकर घडणार असं वाटत राहतं. आणि उभं सरकवत वाचलं तर पत्ता खालून हळूहळू वर येतो. आधी त्याचं डोकं दिसतं, मग पोट. कुठलंही रहस्य अशा प्रवेशात टिकत नाही.

आता चंद्र. काझुकी ताकाहाशींचं 'यु-गि-ओ!' १९९६ ते २००४ या काळात 'साप्ताहिक शोनेन जंप' या जपानी नियतकालिकात आलं. सुरुवातीला त्यात निरनिराळे खेळ होते. 'मॅजिक अँड विझार्ड्स' नावाचा पत्त्यांचा खेळ त्यातलाच एक, १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग'च्या वळणाचा. वाचकांनी तो इतका उचलून धरला की बाकीचे खेळ बाजूला पडले आणि गोष्टच पत्त्यांची झाली. पण पानं छापून झाली तरी नियम मागून येतच होते. बेटावरच्या स्पर्धेत नायक युगीची गाठ र्‍योता काजिकीशी पडते. काजिकीचे पत्ते म्हणजे सगळे समुद्रातले प्राणी. अर्धं मैदान पाण्याखाली, प्राणी पाण्यात दडलेले, मारायचे कसे? युगी स्वतःच मांडलेल्या पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्या दगडी सैनिकाला हल्ला करायला लावतो. चंद्र नाही म्हणजे भरती नाही. पाणी ओसरतं आणि बिचारे मासे कोरड्यावर तडफडत पडतात. भूगोलाच्या पेपरात याला पूर्ण गुण मिळतील. पत्त्यांच्या टेबलावर मात्र समोरचा माणूस नियमांचं पुस्तक मागेल.

हा डाव वाचताना धमाल येते, पण धडधड होत नाही, आणि त्याला कारण आहे. काय काय घडू शकतं याची यादी वाचकाकडे असेल तरच धडधड होते. चंद्रावर हल्ला चालत असेल तर सूर्यावर का नाही, हा प्रश्न एकदा पडला की कुठल्याच उपड्या पत्त्याची भीती वाटत नाही, कारण त्याखाली काहीही असू शकतं. पत्त्यांच्या मांगाचा माझ्या मते हा एकच कायदा: शक्यता जितक्या मोजक्या, घाम तितका खरा.

ताकाहाशींच्याही ते लक्षात आलं असावं, कारण पुढे आकडे आवळले जातात. बेटावर प्रत्येकाचे २००० लाइफ पॉइंट, ते संपले की हरला. ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन या पत्त्याचा हल्ला ३०००चा. म्हणजे तीन हजारांचा फटका आणि दोन हजारांचा जीव. एक थेट वार बसला की प्रकरण संपलं, आणि चित्रकाराचा आठवडाही. म्हणून तो वार बसू नये यासाठी दर वेळी नवीन सबब शोधावी लागते. नंतरच्या शहरातल्या स्पर्धेत ४००० पॉइंट होतात, आणि मोठे राक्षस उतरवायचे तर आधी मैदानातले छोटे बळी द्यावे लागतात. खऱ्या, दुकानात मिळणाऱ्या खेळात ८००० आहेत. त्याच ड्रॅगनला मांगाच्या पहिल्या हिशेबात एक वार पुरे, दुसऱ्यात दोन, खऱ्या खेळात तीन. तेवढ्या फरकावर डावात श्वास घ्यायला जागा होते.

नशिबाचा हिशेबही एकदा मांडायला हवा. नायक डोळे मिटतो, हात डेकवर (म्हणजे आपल्या गड्डीवर) ठेवतो, केस उडतात (खोलीत वारा नसतानाही) आणि हवा तोच पत्ता येतो. डेकमध्ये २० पत्ते उरलेत आणि हवा तो एकच आहे असं धरा: शक्यता ५ टक्के. हेच लागोपाठ तीन डावांत जमवायचं तर साधारण आठ हजारांत एक. सगळ्यात बेफाम उदाहरण एक्झोडिया नावाच्या राक्षसाचं. पाच पत्त्यांवर त्याचे पाच तुकडे, प्रत्येक एकेकच, पाचही हातात आले की सरळ विजय. ४० पत्त्यांच्या डेकमधून पहिल्याच पाच पत्त्यांत ते येण्याची शक्यता ६,५८,००८ मध्ये एक. अर्धी डेक, म्हणजे २० पत्ते, ओढून झाल्यावरही जेमतेम २.४ टक्के. तीस ओढल्यावर पावणेबावीस टक्के. शक्यता जवळजवळ निम्म्यावर यायला ३५ पत्ते ओढावे लागतात. सुरुवातीचे पाच आणि दर पाळीला एक असं धरलं तर ते तिसाव्या पाळीला. तोवर समोर युगीचा प्रतिस्पर्धी काइबा तीन ब्लू-आइज घेऊन उभा आहे. त्याने चौथा आधीच फाडून टाकलाय, कारण जगात चारच आहेत आणि तो आपल्याविरुद्ध कुणी वापरू नये. पत्त्यांचा संग्रह करणाऱ्यांनी ते पान वाचताना डोळ्यांवर हात ठेवायचा.

प्रत्यक्षात असा डेक बांधणारे लोक नशिबाच्या भरवशावर राहत नाहीत. एक्झोडियाच्या तुकड्यांची एकेकच प्रत ठेवता येते, म्हणून उरलेल्या ३५ पत्त्यांत जास्तीत जास्त पत्ते 'आणखी ओढा' आणि 'डेकमधून शोधून घ्या' या जातीचे भरतात, म्हणजे एका पाळीत पाच-दहा पत्ते डोळ्यांखालून जातात. इतर डेकमध्ये महत्त्वाच्या पत्त्याच्या तीन प्रती ठेवायच्या. तेवढ्यानेच पहिल्या पाचांत तो दिसण्याची शक्यता १२.५ वरून ३३.८ टक्क्यांवर जाते. चांगल्या खेळाडूवर नशीब जास्त वेळा मेहेरबान दिसतं ते या तीन प्रतींमुळे. पण "मी तीन प्रती ठेवल्या होत्या" हे वाक्य पूर्ण पानभर, पाठीमागे वीज चमकवून छापता येत नाही, ही मांगाची अडचण आहे.

बेटावरच्या त्या स्पर्धेतला एक डाव काइबा पत्त्यांनी जिंकतच नाही. तो किल्ल्याच्या गच्चीच्या कडेवर जाऊन उभा राहतो: आता मार, धक्क्याने मी खाली पडेन. युगीचा हात थांबतो. पत्त्यांच्या खेळाचा निकाल कठड्याच्या उंचीवर लागायची ही बहुधा एकमेव नोंद असावी.

आता जरा खऱ्या पत्त्यांकडे. हिरोहिको अराकींच्या 'जोजो' या मांगाच्या तिसऱ्या भागात (जंपमध्ये १९८९ ते १९९२) कैरोमध्ये डार्बी नावाचा जुगारी भेटतो. हरलेल्याचा आत्मा काढून घ्यायचा आणि त्याच्या चिप्स करायच्या, हा याचा धंदा. दोन साथीदार गमावल्यावर नायक जोतारो त्याच्यासमोर पोकरला बसतो. साधा पोकर: प्रत्येकी पाच पत्ते, नको असलेले एकदा बदलायचे, मग बोली.

सुरुवातीलाच डार्बी हातचलाखी करतो. तो वाटताना वरचा पत्ता न देता त्याखालचा दुसरा सरकवतो. ही युक्ती पत्तेबाजांच्या जगात फार जुनी आहे. गड्डी धरलेल्या हाताचा अंगठा वरचा पत्ता नेहमीसारखा पुढे ढकलतो, दुसरा हात मात्र त्याच्या खालच्या पत्त्याचा कोपरा पकडून तो ओढतो, आणि अंगठा वरचा पत्ता पुन्हा जागेवर आणतो. चांगला वरचा पत्ता असा स्वतःसाठी राखून ठेवता येतो. पकडायचं कसं? हातांकडे बघून सहसा कळत नाही. गड्डीच्या वरच्या पत्त्याकडे बघायचं. तीन पत्ते वाटले गेले आणि सगळ्यात वर तोच डाग, तीच वाकलेली कड दिसत असेल तर समजायचं. पत्ता दोन पत्त्यांच्या मधून ओढला जातो, त्यामुळे आवाजही थोडा जास्त घासट येतो. जोतारोला एवढं काही करावं लागत नाही, त्याच्या स्टँडचे (सोबत वावरणाऱ्या अलौकिक शक्तीचे) डोळे तीक्ष्ण आहेत. तो थेट बोट मोडतो. घरगुती डावात याची शिफारस करता येणार नाही.

मग ठरतं की बाहेरच्या एका मुलाने पत्ते वाटायचे. मुलगा अर्थातच डार्बीचाच माणूस. डार्बीकडे चार राजे येतात, जोतारोकडे रद्दी. आणि इथून मांगातल्या ब्लफचा सर्वोत्तम नमुना सुरू होतो: जोतारो आपले पत्ते बघतच नाही. उचलत नाही, बदलत नाही, आणि बोली मात्र वाढवत जातो. स्वतःचा आत्मा, मित्रांचे, शेवटी आईचाही.

इथे डार्बीच्या बाजूने गणित करून बघू. हातात चार राजे. राहिले ४७ पत्ते, त्यातून पाचांचे हात होतात १५,३३,९३९. त्यातले चार राजांना हरवणारे किती? चार एक्के, किंवा राजा न वापरता होणारा एकाच रंगाचा सलग क्रम. सगळे मिळून जास्तीत जास्त ७५. म्हणजे साधारण वीस हजारांत एक. त्यावर वाटणारा आपला माणूस. एवढ्या भांडवलावर कुणीही मिटल्या डोळ्यांनी "दाखव" म्हणेल.

पण जोतारो मधेच एक गोष्ट करून दाखवतो. त्याच्या तोंडात पेटलेली सिगरेट येते, हातात सरबत येतं, आणि ते कधी आलं हे डार्बीला दिसत नाही. झालं. दिसू न देता सिगरेट पेटवता येते, तर दिसू न देता पत्तेही बदलता येतील. पत्त्यांबद्दल जोतारोने एक अक्षरही काढलेलं नसतं. १५ लाखांचा हिशेब डार्बीच्या डोक्यात आपोआपच रद्द होतो. त्यात शेवटची अट अशी, की त्याने आपल्या मालकाच्या शक्तीचं रहस्य पणाला लावायचं. हरला तर सांगावं लागणार, सांगितलं तर मालक जिवंत ठेवणार नाही. त्याला फक्त एक शब्द उच्चारायचा असतो. तो उच्चारता येत नाही. चार राजे हातात असलेला माणूस, पाच फालतू पत्त्यांसमोर, बसल्या जागी शुद्ध हरपतो.

ब्लफ म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवणं, एवढंच बहुतेक मांगा सांगतात. इथे कामाचा भाग वेगळाच आहे: ज्याची खोटी भीती घालायची, ती गोष्ट आपल्याला करता येते याचा एक खरा, छोटा पुरावा आधी टेबलावर ठेवायचा. तो पुरावाच नसेल तर नुसती सिगरेट ओढणारा माणूस उरतो.

सगळ्यात काटेकोर डाव मात्र नोबुयुकी फुकुमोतोंच्या काइजीमध्ये आहे. हे १९९६ पासूनचं मांगा. माणसांची नाकं सुळक्यासारखी, हनुवट्या फाळासारख्या, आणि गर्दीच्या चौकटींवर 'झावा… झावा…' अशी अस्वस्थ कुजबुज लिहिलेली. त्यातल्या 'ई-कार्ड' या खेळाला दोघांत मिळून दहाच पत्ते. एका बाजूला एक सम्राट आणि चार नागरिक, दुसरीकडे एक गुलाम आणि चार नागरिक. सम्राट नागरिकाला मारतो, नागरिक गुलामाला मारतो आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही तो गुलाम सम्राटाला मारतो. दोघांनी एकेक पत्ता उपडा टाकायचा आणि उलटायचा. नागरिकासमोर नागरिक आला तर बरोबरी, ते दोन बाजूला, पुढचा पत्ता. असे एकूण १२ डाव. दर तीन डावांनी बाजू बदलते.

बोली पैशांची नाही. नायक काइजीच्या कानात एक यंत्र बसवलंय, त्याची सुई पडद्यापासून ३० मिलिमीटरवर. प्रत्येक डावाला तो काही मिलिमीटर लावतो. हरला की सुई तेवढी आत सरकते. जिंकला तर मिलिमीटरला एक लाख येन, गुलामाच्या बाजूने जिंकला तर पाचपट, म्हणजे पाच लाख.

या खेळाची बांधणी बघण्यासारखी आहे. सम्राट पाचांपैकी कितव्या खेपेला पडणार आणि गुलाम कितव्या, एवढाच प्रश्न असतो. दोन्ही एकाच खेपेला पडले तरच गुलाम जिंकतो. आधी-नंतर झाले की सम्राटाची बाजू जिंकते. दोघांनी डोळे मिटून टाकले तर गुलामाची शक्यता पाचांत एक, २० टक्के. आता पहिल्या खेपेला दोन्ही नागरिक पडले, बरोबरी. उरले चार-चार पत्ते: गुलामाची शक्यता २५ टक्के. पुन्हा बरोबरी: ३३. पुन्हा: ५०. आणि चौथीही बरोबरी झाली तर दोघांच्या हातात एकेकच पत्ता उरतो, सम्राट आणि गुलाम, आणि सम्राट मेलाच. म्हणजे "काही घडलं नाही" असं म्हणत जाणारी प्रत्येक खेप सम्राटाच्या गळ्याभोवतीचा फास एकेक पेर आवळत असते. बरोबरीने तणाव वाढावा असा खेळ शोधणं कठीण असतं. इथे तो नुसत्या मोजणीतून वाढतो. चौथ्या खेपेच्या पत्त्यावर फुकुमोतो पानंच्या पानं खर्च करतात तेव्हा ती फुगवलेली वाटत नाहीत, ते याचमुळे.

बरं, आकड्यांत बघितलं तर सौदा काइजीच्या बाजूचा आहे. सम्राट असताना दहांत आठ वेळा जिंकणार. गुलाम असताना दहांत दोनदा, पण पाचपटीने. प्रत्येक मिलिमीटरमागे सरासरी निघणारे येन, नुसत्या नशिबावर खेळला तरी, गमावण्याच्या मिलिमीटरांपेक्षा जास्तच. फक्त जमेच्या बाजूला नोटा आहेत आणि नावे बाजूला कान. कुठल्याही खतावणीत या दोन रकान्यांची वजाबाकी होत नाही.

समोर बसलेला प्रतिस्पर्धी तोनेगावा तरी जिंकत राहतो. मोठमोठी भाषणं ठोकतो, माणसाचा स्वभाव आपल्याला कसा वाचता येतो ते ऐकवतो. आणि मग कळतं की कानातलं ते यंत्र काइजीची नाडी, तापमान वगैरे सगळं तोनेगावाच्या मनगटी घड्याळावर पाठवतंय. पत्ता टाकल्यावर धडधड वाढली की समजायचं. आयुष्यभराचा व्यासंग म्हणून जे ऐकवलं जात होतं ते घड्याळात बघून चाललं होतं. काइजीचा यावरचा उपाय यंत्रासकट कान कापून काढण्याचा आहे, आणि त्याच रक्ताचा डाग पत्त्यावर पाडून तो तोनेगावाला आपल्याच हुशारीत अडकवतो. याचं तपशीलवार वर्णन जेवणाच्या वेळी वाचू नये.

याच मांगाच्या सुरुवातीला जहाजावरचा दगड-कागद-कात्रीचा डाव आहे, तोही पत्त्यांचा. प्रत्येकाला तीन तारे आणि १२ पत्ते, तिन्ही जातींचे चार-चार. चार तासांत सगळे पत्ते संपवायचे आणि किमान तीन तारे घेऊन उतरायचं. पत्ते फेकून द्यायला बंदी. आणि खोलीत कुठल्या जातीचे किती पत्ते शिल्लक आहेत ते फलकावर सतत दिसतं. त्या फलकामुळे नशिबाचा पोरखेळ एकदम बाजारभाव होतो: कात्री संपत आली की कागदाची किंमत चढते. हा भाग वाचताना फलकाचे आकडे कागदावर उतरवत गेलं तर मजा दुप्पट होते.

उपड्या पत्त्याशिवाय घाम काढणारं एकच मांगा चटकन आठवतं, युकी सुएत्सुगु यांचं 'चिहायाफुरु' (२००७ ते २०२२, ५० खंड). स्पर्धात्मक कारुता या जपानी खेळामध्ये सगळे पत्ते समोर उघडे असतात. शंभर कवितांचे शंभर पत्ते, त्यातले ५० काढून प्रत्येकी २५ मांडायचे, १५ मिनिटांत जागा पाठ करायच्या. वाचून दाखवणारा कविता म्हणू लागला की तिचा उत्तरार्ध लिहिलेला पत्ता आधी जो मारेल त्याचा. मैदानात नसलेल्या ५० कविताही वाचल्या जातात, आणि अशा फसव्या कवितेवर कुठल्याही पत्त्याला हात लागला की दंड. कुठल्या कविता किती अक्षरांवर ओळखता येतात याचं गणित खेळाडूंच्या कानात असतं: सात कविता पहिल्याच अक्षराला, ४२ दुसऱ्याला, ३७ तिसऱ्याला, आणि सहा अशा की सहावं अक्षर ऐकेपर्यंत हात आवरायचा. 'आसाबोराके'ने सुरू होणाऱ्या दोन कविता पाच अक्षरं अगदी सारख्या चालतात. मात्र एक वाचून झाली की दुसरी तिसऱ्या अक्षरालाच उघडी पडते, 'आसा'ने सुरू होणारी आणखी एकच कविता आहे आणि तिचं तिसरं अक्षर वेगळं आहे म्हणून. म्हणजे पत्ते तेच, पण त्यांची घाई डावागणिक बदलते.

आधीच्या कवितेची शेवटची ओळ संपल्यावर पुढची सुरू होण्याआधी वाचून दाखवणारा एक सेकंद थांबतो. या मांगातला सगळा संसार त्या एका सेकंदात मांडलेला आहे. प्रेम, वैर, आजोबांची आठवण, शाळेची इज्जत, सगळं. मग हात सुटतो, आणि पत्ता सरळ भिंतीवर.

ई-कार्ड घरी खेळून बघायचं असेल तर वेगळे पत्ते लागत नाहीत. नेहमीच्या कॅटमधला एक राजा, एक गुलाम आणि दुरीपासून दश्शीपर्यंतचे कुठलेही आठ पत्ते घ्यायचे. आकड्यांना काही अर्थ नाही, सगळे नागरिक. पाठी सारख्या आणि न दुमडलेल्या हव्यात. दहाच पत्ते फिरत राहतात, त्यामुळे राजाच्या पाठीवरचा एक ओरखडा पुरेसा होतो. १२ डाव, दर तीनला बाजू बदल. गुण देताना सम्राटाला १ आणि गुलामाला ५ ठेवले तर गुलामाची बाजू किंचित जड होते (सरासरी डावाला १ विरुद्ध ०.८), म्हणून बरोबरीचा खेळ हवा असेल तर ४ ठेवा.

नवखे लोक दोन ठिकाणी हमखास पकडले जातात. एक म्हणजे राजा नेहमी पंख्याच्या एकाच टोकाला धरणं. हात कुठून बाहेर आला एवढं बघूनच समोरच्याला कळतं. दर खेपेला पत्ते हातातल्या हातात पिसायचे. दुसरं, खास पत्ता टाकताना वेळ लावणं. नागरिक झटकन पडतात आणि गुलामाआधी एक मोठा श्वास येतो. प्रत्येक पत्त्याआधी मनात तीनपर्यंत मोजायचं, नागरिक असला तरी. सम्राट पहिल्याच खेपेला टाकायची छाती फार थोड्यांना होते, पण पाचांत एकदा तो तिथे पडायलाच हवा, नाहीतर समोरचा गुलाम पुढच्या चार खेपांतच वाट बघत बसेल. निवड खरोखर आंधळी करायची तर डाव सुरू होताना भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे एक नजर टाकायची: पहिले १२ सेकंद म्हणजे पहिली खेप, पुढचे १२ दुसरी, असे पाच भाग. असं केल्यावर पुढचा पत्ता कुणालाही आधी ताडता येत नाही. टाकल्यानंतर तुमचा चेहरा जे सांगेल त्याला मात्र सेकंदकाटा काही करू शकत नाही, आणि तोनेगावाचं सगळं दुकान त्यावरच चाललं होतं. तेव्हा नाडी मोजणारी मनगटी घड्याळं दोघांनीही काढून ठेवायची, आणि ती एकमेकांकडे पाठ करून नाही, दुसऱ्या खोलीत.